मी बदलून सांगितलेले वाक्य

मी, मीराबाई श्रीपत बोरसे, वय एकसष्ट, राहणार लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे आहे, पण बुद्धी शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही.

१. घराचा खालचा भाग मुलगा नरेंद्र याचा.

२. वरची खोली, जिन्यासह, मुलगी चैताली हिची. तेथे ती एकटी राहील किंवा तिला हव्या त्या माणसासोबत. नरेंद्रने लग्नाची अट घालू नये.

३. माझी पितळी परात नणंद सुभद्राबाईंकडे तीस वर्षे आहे. ती आता त्यांचीच. मागून मागून मी थकले.

४. टीव्ही नरेंद्रचा. येथे थोडे लिहावे लागेल. केबलवर इंग्रजी विनोदी मालिका लागे. मी भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून एकेक वाक्य घरच्यांना मराठीतून सांगे. गेल्या श्रावणात मालिकेतली मुलगी जेवताना आईबापांना काही म्हणाली. मी सांगितले, नोकरी सोडते म्हणते. टीव्हीतले लोक खदखदून हसले.

नरेंद्रने विचारले, "यामा हासानं काय शे, माय?"

चैतालीला इंग्रजी मीच शिकवले. स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "माय, ती नोकरीनं नही बोलनी."

मी तिला ताटे घ्यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, धर्मेंद्र नावाच्या मुलावर जीव होता, तो खरा. आता निशा नावाच्या मुलीवर आहे, तोही खरा. मी म्हणाले, नरेंद्रला कळू देऊ नकोस. ती बमरोलीला निशाकडे निघून गेली. नरेंद्र म्हणतो, मी ठरवेन त्या मुलाला ती हो म्हणेल तेव्हाच तिला घरात घेईन.

मालिकेत पुढच्याच आठवड्यात आईबापांनी मुलीला जेवायला बोलावले. तो भाग मी एकटीने पाहिला.

५. दुरुस्ती. मालिकेतली ती मुलगी म्हणाली होती, "मी पुरुषावर प्रेम केले, बाईवरही करते. दोन्ही खरे आहे." मी ते बदलले, कारण ते माझेही होते. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या रंजनाची पत्रे शिलाई मशीनच्या खणात आहेत. मशीन आणि पत्रे चैतालीची. मुलांनो, तुमच्या वडिलांसोबत संसारही मी मनापासून केला. यंत्रमागावरून आल्यावर त्यांच्या सदऱ्याला चिकटलेले सूत अजून बोटांना आठवते.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे मी येत्या रविवारी, टीव्ही बंद करून, दोन्ही मुलांसमोर वाचणार आहे. चैतालीला निरोप धाडला आहे. निशालाही. उत्तर आलेले नाही. कोणी येवो न येवो, नरेंद्र उठून जावो, या वेळी एकही वाक्य बदलणार नाही.

सही: मीराबाई श्रीपत बोरसे

आमच्यासमोर सही केली:
१. मालतीबाई भिकन निकुंभ
२. पंडित चिंधा देसले

लिंबायत, सुरत
गुरुवार, ८ जानेवारी १९९८