कासऱ्याचं शेवटचं टोक

प्रिय अप्पा,

आज वळणावरची तूर कापली, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन दोन महिने होतील. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज शाळेतून आल्याबरोबर चहासुद्धा न ठेवता वही उघडली. सून सासऱ्याला पत्र लिहिते म्हणून हसाल. हसा खुशाल! पण शेवटी एक विचारणार आहे.

वाडीपासून संतपूरची शाळा दोन किलोमीटर. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, कासरे खुंटीला राहिले. तुम्ही दोन्ही कासरे जोडलेत आणि त्याला गाठी मारल्यात, एका लेकराला एक गाठ. अकरा लेकरं, अकरा गाठी. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं. सायकलवाल्या मोठ्या पोरींनाही वळणापाशी खाली उतरवायचात. किती कुरकुरायच्या त्या!

आणि तुम्ही सगळ्यांच्या मागे, उरलेलं टोक हातात धरून. मी एकदा म्हणाले होते, "अप्पा, पुढं चाला की. मागून काय दिसतंय तुम्हाला?"

"पुढच्याला वाट दिसतीय. मागच्याला कोण बघणार? सगळ्यांच्या मागं एक माणूस लागतंय, सुनंदा."

पोरांना तर तुमची ताकीदच होती, "मागं वळून बघू नका रे. मागं मी हाय."

वळणावर तूर डोक्याच्या वर गेली की पलीकडचं काही दिसत नसे. तिथे तुम्ही ओरडायचात, "थांबा! निंद्री!" मराठी लेकरांना एक, कन्नड लेकरांना दुसरं. मग सगळी तोंडं बंद, नुसता कान द्यायचा. वर्गात मला अकरा पोरं अशी कधी गप्प करता आली नाहीत. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मास्तरणीला हरवतो, याचा मला रागही यायचा. आता सांगायला काय हरकत आहे?

मी रोज स्कूटीवरून तुमच्या शेजारून पुढे निघून जायचे. त्या दिवशी तुम्ही दारातच म्हणालात, "आज तू चल संगं. छातीत जड वाटायलंय."

"प्रार्थनेला उशीर होतोय, अप्पा. आज राहू द्या की."

राहू दिलं असतंत तर तुम्ही अप्पा कसले! अकराच्या अकरा लेकरं शाळेच्या फाटकापर्यंत आणलीत, कासरा गुंडाळलात, लिंबाखाली बसलात आणि उठलाच नाहीत. मी आत हजेरी घेत होते. तेव्हापासून हजेरी घेताना माझा आवाज फाटतो. मला माफ केलंत का?

नंतर पोरं ऑटोने जाऊ लागली. एका ऑटोत अकरा, त्यातली दोन ड्रायव्हरच्या बाजूला लोंबकळत. तिसऱ्या दिवशी पहिलीतली भागी आत बसेना. आईने हात ओढला तरी ढिम्म.

"अप्पा तिकडं वेशीत थांबलेत. गाठ धर म्हणायलेत."

वेशीत कोणी नव्हतं, अप्पा. मी स्वतः पाहिलं. भागीची आई मात्र पदर तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी घरात जाऊन खुंटीवरून कासरा काढला. बंद खोलीतला तो कासरा दहिवरात भिजल्यासारखा ओला होता.

पोरांना ऑटोतून उतरवून एकेक गाठ धरायला लावली. मी मास्तरीण ना, म्हणून पुढे चालले. तीच चूक. वळण आलं, शाळेची घंटा ऐकू आली, आणि मी थांबले नाही. "चला, चला" म्हणत पाय उचलला तोच कासरा मागून हिसकला.

"कोण ओढायलंय?" मी न वळताच खेकसले.

"कुणीच न्हाई, बाई. अप्पा थांबा म्हणलेत."

मी ओरडायला तोंड उघडलं, आणि वळणावरून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, हॉर्न नाही, गाणी जोरात. मी पाय टाकणार होते तिथूनच चाकं गेली. ऊस माझ्या दंडाला घासला.

मग मागे पाहिलं. अकराही पोरं उभी होती. शेवटी भागी, गाठ दोन्ही हातांनी धरून. तिच्या मागे ते उरलेलं हातभर टोक खाली लोंबत नव्हतं. सरळ ताणलेलं होतं, अप्पा! मी बघत असतानाच ते हळूच सैल झालं आणि मातीत पडलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मागे आले. स्कूटी कायमची घरी ठेवली, टोक हातात घेतलं. वळणावर मीच ओरडते, "थांबा! निंद्री!" पोरं गप्प होतात. आणि त्या शांततेत माझ्या मागे चप्पल वाजते. डावी घासत येणारी, तुमच्यासारखीच. आम्ही थांबलो की दोन पावलांनी तीही थांबते. मला भीती वाटते. ती वाजली नाही तर काय, याची जास्त वाटते.

तूर उभी होती तोवर बरं होतं. वळून पाहिलं असतं तरी वळणामागचं काय दिसणार होतं? आता वळणावरून थेट वेशीपर्यंत रस्ता उघडा पडला आहे. भागीचे वडील आज म्हणालेच, "आता सगळं दिसायलंय की, बाई. कासरा कशाला?"

म्हणून विचारते, अप्पा. उद्या मी वळून पाहिलं तर तुम्ही असाल का? की माझ्या पाहण्यानेच जाल?

नको, उत्तर नको. कासरा खुंटीला जाणार नाही. तूर पुढच्या वर्षी पुन्हा डोक्यावर जाईल, आणि भागीला अजून सहा वर्षं याच रस्त्याने जायचं आहे. टोक मी सोडणार नाही, हा शब्द. आणि तुमची ताकीद आता मलाही लागू. चप्पल वाजो किंवा न वाजो, मी मागे वळून बघणार नाही. मागे तुम्ही आहात.

तुमची सून,
सुनंदा