झाडं उभी आहेत

रिओ,
१२ ऑक्टोबर २००९

चि. वाल्देमिर यास, अ. उ. आ.

बक्षीस मिळालं रे आपल्या डॉक्युमेंटरीला. माझं हे चौथं, पण एवढी कधी रडले नव्हते. परदेशात ज्यांच्या बिया ब्राझील नट म्हणून विकतात ती आपली कास्तान्याची झाडं पडद्यावर आली, आई पाठीवर टोपली घेऊन खालची फळं वेचत चालली, आणि अख्खं थिएटर पुढे वाकून बघायला लागलं. नंतर एका बाईनं विचारलं, वाट दाखवणारा भाऊ हिरो आहे का. मी म्हटलं, हिरो नाही, आगाऊ आहे. ओढ्याच्या तोंडापासून अख्खी पायवाट शूट कर, नाहीतर लोकांना वाटेल झाडं भाड्यानं आणलीत, हा हट्ट तुझाच ना?

आता तरी सरकार लाकूडवाल्यांपासून आपलं जंगल वाचवेल असं सगळे म्हणतायत. आईला माझ्या वाटचा एक मुका दे. माया असू दे, चेष्टा आवर.

तुझी ताई,
जुसारा

बोका दो सीपो, पारा
३० नोव्हेंबर २००९

ती. ताईस, शि. सा. न.

पाद्रीबाबांनी चर्चच्या भिंतीला चादर लावून फिल्म दाखवली. आई म्हणाली, ही वाकडी चालणारी म्हातारी कोण. लोक हसून लोळले.

मागच्या बाकावर दोन अनोळखी माणसं होती. लाकूडवाल्यांची निघाली. त्यांनी मला बियर पाजली, छान बोलतोस म्हणाले. मग विचारलं, ओढा कधी कोरडा पडतो, ट्रक जाईल का. मी सांगून टाकलं. आपल्यात कुणी सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा आपली वाट दाखवत नाही. पण मी ती सगळ्या देशाला दाखवलेली, आता त्या दोघांपासून काय लपवू?

तुझं काय ते लिही. रागाव, पण लिही.

वाल्देमिर

रिओ,
२२ ऑगस्ट २०१०

चि. वाल्देमिर, अ. उ. आ.

ट्रक शिरल्याचं तुझं पत्र वाचलं आणि तडक वनखात्यात गेले. साहेबानं फिल्म पाहिली होती. आपल्या मुलीसाठी माझी सही घेतली. मग म्हणाला, कास्तान्या तोडायला कायद्यानं बंदी आहे, आणि त्यांनी एकही तोडलेलं नाही. मी म्हटलं, आणि भोवतालचं जंगल? म्हणाला, त्याचे कागद आहेत त्यांच्याकडे.

वाटेचा भाग कापून टाकते म्हटलं, तर वितरक म्हणाला, बाई, बक्षीस त्याच शॉटला मिळालंय. काल अजून एका शहरात दाखवली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पण उभी राहिले, दुसरं काय करणार?

पुढच्या वर्षी दुसरा भाग काढू का रे? तू म्हणशील तसं. पत्र टाकत जा, मन लागत नाही.

जुसारा

बोका दो सीपो,
२० फेब्रुवारी २०१२

ती. ताईस, शि. सा. न.

उत्तराला फार उशीर झाला. साहेब खोटं बोलला नाही. झाडं उभी आहेत, सगळीच्या सगळी, गवतात, गुरांच्या मधे. फक्त फुलावर बसणारी ती जंगलातली माशी आता येत नाही, आणि ती नाही आली तर फळ धरत नाही. फळ पिकायला वर्षावर लागतं, म्हणून गेल्या वर्षी आधीचं धरलेलं पडलं. यंदा काही नाही.

दुसरा भाग काढायचा तर काढ. झाडं पहिल्यापेक्षा छान दिसतील, आड काहीच नाही.

फळं पडायच्या या दिवसांत झाडाखाली कुणी थांबत नसे. एवढ्या उंचावरून नारळाएवढं टणक फळ डोक्यात पडलं की माणूस जागीच संपतो, बाबा कसे गेले ते तुला वेगळं सांगायला नको. आता आई जेवण झालं की सगळ्यात मोठ्या झाडाखाली चटई टाकून झोपते. मी उठवायला जातो. ती म्हणते, झोपू दे, वारा छान आहे.

होता तेवढा लोभ राहू दे, वाढला नाही तरी चालेल.

तुझा,
वाल्देमिर