आखाजीच्या दुसऱ्या दिवसाचा दस्त

माय,

तुला अक्षरं फार येत नव्हती आणि मला आपली अहिराणी लिहिता येत नाही. दिवसभर बोलतो, पण कागद समोर आला की हात आपोआप शाळेतल्या, कचेरीतल्या मराठीत चालायला लागतो. तेव्हा हे तुला कुणीतरी वाचून दाखवतंय असं समज. मी घाबरलोय, माय. सरळच सांगतो. तीन दिवस झाले, भाकरी अर्धी टाकून उठतो आणि वाजणारा फोन पालथा घालतो. सोमवारी मामाच्या वावराचं खरेदीखत आहे. गिऱ्हाईक मीच आणलंय. त्या वावराच्या जुन्या कागदांत मला जे सापडलं, ते गिऱ्हाइकाच्या वकिलाला सापडलं तर मामा, मावशी आणि मी, तिघंही पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसलेले दिसू.

तू गेलीस तेव्हा मी शहाद्यात एका दस्तलेखकाच्या हाताखाली नुकताच लागलो होतो. मामानंच चिकटवलं होतं. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, एक खोली, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. पूर्वी सातबारा बघायचा म्हणजे तलाठ्याच्या मागं हिंडावं लागे. आता तालुका निवडा, गाव निवडा, गट नंबर टाका, की कुणाचंही वावर समोर हजर. रस्ता रुंद होणार असं कानावर आलं की मी कडेचे गट एकेक काढत बसतो. कुठं एका गटात नऊ नावं, कुठं मालक कधीचा वारलाय आणि वारस लागलेले नाहीत, कुठं सासरी गेलेल्या बहिणींची नावं तशीच. जिथं नावं जास्त तिथं घोळ, आणि जिथं घोळ तिथं विकायची घाई झालेला एखादा भाऊ हमखास असतो. त्या भावाला शोधून काढायचं, गिऱ्हाईक गाठून द्यायचं, हा माझा धंदा. गिऱ्हाइकं मोलगी-धडगावकडच्या जमिनींचंही विचारतात, पण आदिवासींची जमीन सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. बघ, मी फार सांभाळून चालणारा माणूस. हसू नको.

आणि माझी सगळ्यात मोठी हुशारी ऐक. बहिणींच्या सह्या घ्यायच्या तर आखाजी, कचेरीच्या मराठीत अक्षय्य तृतीया, गाठायची, हा सल्ला मी गावोगाव देतो. सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात. झोके चाललेले असतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाऊन मन भरलेलं असतं, अंगावर भावानं घेतलेली नवी साडी असते. दुसऱ्या दिवशी जीप करायची, सगळ्यांना कचेरीत न्यायचं आणि हक्कसोडपत्र करून घ्यायचं. वाटेत उसाचा रस पाजायचा. कुणीही नाही म्हणत नाही. माझ्या माहितीत एकच बाई नाही म्हणाली होती, आणि ती तू.

लोणखेड्याचं मामाचं स्वयंपाकघर आठवतं. तू चुलीपुढं सांजोऱ्या तळतेयस, मी दाराशी डांगराची, खरबुजाची, फोड खात बसलोय. मामा येतो, पाटावर बसतो, लाडीगोडी लावतो. "समद्या बहिनी सोडतस, अक्का. एक सही करी टाक." तू झाऱ्यानं सांजोरी उलटवतेस, त्याच्याकडे बघतही नाहीस. "मी सही कराव नही. माले वावर नको, पैसा नको. मन्हं नाव तठे ऱ्हाऊ दे." मामा म्हणतो, नावाचं काय लोणचं घालशील? तेव्हा तू झारा खाली ठेवतेस आणि म्हणतेस, मी मेल्यावर पोरांना ठरवू दे. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. एवढा भाऊ विनवतोय, आणि ही अडून बसलीय! असं वाटलं होतं मला.

तुझ्या नावाचं तुला वेडच होतं. साक्षरतेच्या वर्गाला जाऊन चाळिशीत सही शिकलीस. परातीत ज्वारीचं पीठ पसरायचीस, बोटानं नाव लिहायचीस, मग पुसून भाकरी थापायचीस. मी सातवीत असताना प्रगतिपुस्तकावर तुझी सही हवी होती, गुण कमी होते म्हणून मी शेजारच्या एका पोरीकडून करून घेतली. तू ती बघितलीस आणि फाडकन माझ्या थोबाडीत दिलीस. गुणांबद्दल चकार शब्द नाही. "मन्हं नाव दुसरानी काबर लिखं?" एवढंच. रात्री जेवायला वाढलंस, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

तू पौषात गेलीस. त्या वर्षीच्या आखाजीला मी तुझ्या नावानं पितरांची पहिली घागर भरली. पाटावर घागर, तिच्या तोंडावर डांगर आणि सांजोरी, आणि माझी बहीण, आपली ताई, रडत रडत पाणी घालतेय. पुढं कधीतरी मामा म्हणाला की तुन्ही मायनं जाण्याआधीच हिस्सा सोडला होता, कुणाला बोलली नाही एवढंच. मी मान डोलावली. ताईनं विचारलं तेव्हा मी तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "मायनी माले कधीच सांगं नही." नवापूरकडे दिलेली ती, भावाचा शब्द प्रमाण मानणारी. शिवणकामावर घर चालवते. तिच्या वाट्याला त्या वावरातलं काही येत होतं, हे तिनं पुन्हा कधी काढलं नाही.

आता मामानं विकायला काढलं तसं मी गिऱ्हाईक लावलं. वकील नावं चढल्या-उतरल्याच्या जुन्या सगळ्या नोंदी, फेरफार, बघणार, म्हणून म्हटलं आधी आपण बघू, काही खुसपट निघालं तर दुरुस्त करू. फेरफार उघडला. नोंदणीकृत हक्कसोडपत्रान्वये बहिणींची नावं कमी. खाली दस्ताची तारीख. मी ती तीनदा वाचली आणि मग जुनं पंचांग काढून बघितलं. आखाजीचा दुसरा दिवस. तुझी घागर भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, माय, तू कचेरीत जाऊन हिस्सा सोडलास!

मग दस्ताची नक्कल काढली. फोटोंच्या पानावर मावशीच्या नावापुढं मावशी आहे, उघड्या डोक्यानं, चष्मा लावून. खाली तुझं नाव. त्याच्यापुढंही मावशीच आहे, डोक्यावर पदर, चष्मा काढलेला. आणि तुझ्या सहीच्या जागी डावा अंगठा. तू, जिनं बँकेतसुद्धा शाईचं पॅड मागं सारून सही केली होती! शेवटच्या पानावर ओळख पटवणाऱ्या दोघांच्या सह्या. वर छापलेलं, सदर व्यक्तींना आम्ही व्यक्तिशः ओळखतो. त्यातली दुसरी सही माझी आहे.

तू विचारशील, कशी? अगं, तेव्हा आमचं तेच काम होतं. पक्षकारांना साक्षीदार मिळत नसत, म्हणून दस्तलेखकाची पोरं ओळखदार म्हणून उभी राहायची. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तर जत्रा भरायची. मी गठ्ठ्यांवर सह्या करत सुटायचो, कुणाचं तोंड बघायची सोय नव्हती. त्या दिवशीही तशाच केल्या असणार. पण हे वकिलाला कोण सांगणार? आईला स्वतः अग्नी दिलेला मुलगा चार महिन्यांनी लिहून देतो की ही माझ्यासमोर उभी आहे. तोतया बाई उभी करणं हा गुन्हा आहे, आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारा मी.

काल मावशीकडे गेलो. अंगणात तूर पाखडत होती. नक्कल पुढं धरली. तिला वाचता येत नाही, पण स्वतःचा फोटो ओळखला. सूप खाली ठेवलं. "तुन्हा मामा म्हने, फक्त अंगठा लावानं शे. तुन्ही माय तं गई, तिले काय फरक पडस?" मग माझा हात घट्ट धरला. "माले धरी लई जातीन का रे?" तू गेल्यावर मला जेवू घातलं ते याच हातानं. मी म्हटलं, नाही मावशी, कुणी नेत नाही. खोटं बोललो. मला माहीत नाही.

उद्या ताई येतेय. तिला नक्कल दाखवणार आणि सोमवारचं खरेदीखत थांबवणार, असं मी ठरवलंय. मामा माझं तोंड बघणार नाही, मावशीसाठी वकील बघावा लागेल, आणि या गावात माझ्यासारख्याकडे पुन्हा कोण सातबारा घेऊन येईल? येऊ नये कुणी. पण तुझं आणि ताईचं नाव तिथं परत लागलं पाहिजे. ताईला सांगीन की गर्दी होती, गठ्ठा होता, न वाचता सही झाली. ती विश्वास ठेवेल. माझ्यावर ती नेहमीच ठेवते.

हे पत्र मात्र तिला दाखवणार नाही, आणि तुला पाठवायचं तर कुठं? घडी घालून पाकिटात ठेवतोय. कारण गठ्ठ्याची गोष्ट खरी नाही, वर तुलाही मी खोटंच लिहिलं. त्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या खोलीतच उभा होतो. मावशी खुर्चीवर बसली, फोटो दिला, उठली. मामानं तिच्या कानाशी काही सांगितलं. तिनं चष्मा काढला, पदर डोक्यावर घेतला आणि परत बसली. कारकुनानं तुझं नाव पुकारलं. मावशी म्हणाली, "हां." मी ऐकलं, माय. आणि मग सही केली.