शेअरात न घातलेला वाटा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणतीस, अविवाहित, वाहन विम्याच्या कचेरीत दाव्यांची छाननी करणारी नोकरदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तब्येतीबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण परवा माझ्या मानेतली गाठ काढायची आहे. ऑपरेशन साधे आहे असे डॉक्टर म्हणतात. मी संमतीपत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले तेव्हा ते म्हणाले, "इतकं वाचत बसलात तर घाबराल." मी म्हटले, "घाबरलेलीच आहे, म्हणून तर वाचतेय." आवाज कायमचा बसण्याची शक्यता त्यात लिहिली आहे. आमच्या घरात त्याने फारसा फरक पडणार नाही.

कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहीत आहे, असे या ठिकाणी म्हणायचे असते. ते मला खरेपणाने म्हणता येत नाही. माझ्यावर दडपण आहे, पण ते याच्या नेमके उलट लिहावे म्हणून आहे. तेव्हा दडपणाला न जुमानता लिहीत आहे, असे वाचावे. यापूर्वी मृत्युपत्र केले असल्यास ते रद्द समजावे, असेही वकीलबाईंनी लिहायला सांगितले आहे. केलेले नाही. तरी रद्द समजावे.

कलम १. मिळकत

मला घर नाही. राहते ती शिंपीकाकांच्या दुकानावरची भाड्याची खोली. पलंग आणि टेबल त्यांचे आहे, कपाट आणि वेताची खुर्ची माझी. अंगावर घालायचे सोने नाही.

मोठी म्हणावी अशी रक्कम एकच आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या गॅरेजची जागा विकली आणि आलेल्या पैशांचे आई, दादा आणि मी असे तीन सारखे वाटे झाले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बाबांबरोबर गॅरेजात काम करायचा. माझा वाटा बँकेत मुदत ठेवीत आहे. त्या दोघांचे वाटे विजेच्या गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये आहेत आणि आज निम्म्याहून कमी झाले आहेत. ते मीच तिथे घालायला लावले, असे घरातले समजतात. आता माझाही वाटा त्याच शेअरमध्ये घालावा असा सगळ्यांचा आग्रह आहे.

मी काही न लिहिता गेले तर माझे पैसे आईकडे जातील, आईकडून दादाकडे आणि दादाकडून शेअरकडे. हा रस्ता मला पाठ आहे. म्हणून हा कागद.

कलम २. खुलासा

मी घालायला लावले का, याचा खुलासा मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, दुसरीकडे कुठेच बसला नाही.

आमच्या बाबांची गॅरेजमध्ये एक रीत होती. गाडी तपासून झाली की गिऱ्हाइकाला आधी धडधाकट काय आहे ते सांगायचे आणि मग बिघाड. "आल्या आल्या इंजिन गेलं म्हटलं तर माणूस खालीच बसतो," असे ते म्हणत. "आधी म्हणायचं, बॉडी उत्तम, ब्रेक चांगले, टायर वर्षभर बघायला नको. माणूस जरा सावरला की मग इंजिनाचं काढायचं." मी बोलायला शिकले ती त्या गॅरेजात, ऑइलच्या डब्यावर बसून. आजही कचेरीत माझा शेरा गाडीच्या चांगल्या भागापासून सुरू होतो. साहेब चिडतात.

वाटे झाल्यावर आम्ही सगळे आईकडे जेवायला बसलो होतो. मावशीही होती. दादाने कंपनीचा विषय काढला. विजेच्या गाड्यांचे दोन दिवसांचे शिक्षण घेऊन आल्यापासून त्याला दुसरे काही सुचत नव्हते. "यात ऑइल नाही, फिल्टर नाही, प्लग नाही. बदलायचं काय? आपण संपलो!" असे तो आनंदाने सांगायचा. आई म्हणाली, मला त्यातले कळत नाही. तेव्हा तो म्हणाला, "शंकाबाईला विचारू. हिचं समाधान झालं तर जगात कुणाची हरकत राहणार नाही."

शंकाबाई म्हणजे मी. कंपनीचा अहवाल मी त्या आठवड्यात खरोखर वाचला होता, टिपांसकट. मी रीतीप्रमाणे सुरुवात केली. कंपनी चांगली आहे. गाड्या खपताहेत. बॅटरी ते स्वतः बनवतात. डोक्यावर कर्ज फार नाही. चालवणारी माणसे लबाड वाटत नाहीत.

"झालं तर मग!" आई म्हणाली.

"थांब, अजून..."

"अगं हिनं एवढं चांगलं तर माझ्या लग्नातल्या जेवणाबद्दलपण म्हटलं नव्हतं," मावशी म्हणाली. "माझेही घाला रे थोडे."

सगळे हसले. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि हात धुवायला उठला. मी त्याच्यामागे मोरीपर्यंत बोलत गेले. तो चूळ भरत होता. फक्त वहिनी, म्हणजे दादाची बायको, ताटे उचलता उचलता म्हणाली, "ताई, या घरात वाक्य पुरं करायला वेगळी खोली बांधून घ्या."

दुसऱ्या दिवशी मी फोन करून उरलेले सांगितले. दादा म्हणाला, "पैसे भरलेत आता. अपशकुन नको करूस."

जे ऐकले गेले नाही ते इथे लिहिते. कंपनी चांगली, पण तिच्या शेअरची किंमत चांगली नाही. अजून न बनलेल्या गाड्याही विकल्या गेल्या, असे धरून ती किंमत चढली आहे. गिऱ्हाइकाला मिळणारी सरकारी सवलत बंद होणार, हे अहवालात त्यांनीच लिहिले आहे. जुन्या मोठ्या कंपन्या तशाच गाड्या काढत आहेत. आणि आईच्या घराचे भाडे, तिचे गुडघे, म्हणजे ज्या पैशांची गरज लवकरच लागणार, ते पैसे अशा ठिकाणी घालू नयेत. कंपनी कितीही चांगली असली तरी घालू नयेत.

सवलत बंद झाली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

कलम ३. दादाच्या बाजूने

छाननी करणाऱ्याने एकच बाजू लिहू नये, म्हणून हे कलम.

दादा लोभी नाही. गॅरेज बंद पडले तेव्हा शटर ओढून घेणारा तो होता. मी कचेरीत होते. एकदा तो मला म्हणाला, "आपलं पोट कुणी मारलं? या गाड्यांनी. मग त्यांच्या नफ्यात आपला वाटा का नको? बाबांची जागा त्यांच्यापायी गेली, तर त्यांच्या कंपनीत बाबांच्या नावाची एक वीट तरी असू दे." शेअर घेण्याचे हे कारण चुकीचे आहे, एवढेच मला ठाऊक आहे. पण अशा कारणाला चूक म्हणताना जीभ अडखळते.

आता त्याचे म्हणणे असे, की भाव खाली आला आहे, मी माझा वाटा घातला तर घराने एका शेअरमागे मोजलेली सरासरी किंमत खाली येईल. हे गणित म्हणून खरे आहे. मात्र गेल्या महिन्यात चिडल्यावर त्याच्या तोंडून खरे कारण आले. "आम्ही सगळे पाण्यात, आणि तू काठावर टॉवेल घेऊन उभी. बघवत नाही मला ते."

आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "बुडायचं तर सगळ्यांनी मिळून बुडू."

मी म्हटले, "मग आई, आपल्याला बाहेर कोण काढेल?"

"हेच. हेच तुझं. तुला आम्ही बुडणारेच दिसतो," आई म्हणाली.

त्यानंतर मला जेवायला बोलावलेले नाही. एका रविवारी सगळे जमले होते, हे मला नंतर मावशीच्या बोलण्यातून कळले. ते कळले त्या संध्याकाळी मी शेअर घेण्याचा अर्ज भरायला बसले. हा शेअर घ्यावा असे मला तेवढे एकदाच वाटले. कंपनी त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हती. अर्जात 'गुंतवणुकीचा उद्देश' असा एक रकाना होता. तिथे खरे लिहिता येईना आणि खोटे लिहवेना. म्हणून तो अर्ज मी फाडला.

कलम ४. किरकोळ वस्तू

(अ) वेताची खुर्ची मावशीला. ती माझ्याकडे आली की आधी खुर्चीकडे बघते आणि मग माझ्याकडे. शेअर पडल्यावर तिने कचेरीत येऊन, सगळ्यांदेखत, "हिच्या शब्दावर विसंबले आणि रस्त्यावर आले," असे सांगितले. ती रस्त्यावर आलेली नाही. तिने घातले होते ते थोडे होते. तरीही खुर्ची तिलाच द्यावी. बसताना डावा पाय डगमगतो, हे तिला आधी सांगावे. चांगले काही सांगत बसू नये.

(आ) बाबांचा पान्यांचा संच वहिनीला. दादा तो भंगारात देत होता, तेव्हा तिने तो कणकेच्या डब्यामागे लपवला आणि मला आणून दिला. घरातला नळ, शेगडी आणि शिलाईयंत्र तिने माझ्याकडून तेच पाने नेऊन दुरुस्त केले आहे. दादाला अजून वाटते, वस्तू आपोआप सुरू होतात.

(इ) कपाट शिंपीकाकांकडेच राहू द्यावे. ते जिन्यातून वर कसे आणले ते आणणाऱ्यांनाही आठवत नाही.

(ई) कंपनीचा अहवाल, माझ्या खुणांसह, कोणालाही देऊ नये. रद्दीत घालावा.

कलम ५. मुख्य निर्णय

माझी मुदत ठेव मोडू नये. व्याज दरमहा आईच्या खात्यात जावे आणि त्यातून घराचे भाडे द्यावे. मुद्दल फक्त आईच्या औषधोपचारासाठी काढता येईल, तेही बिल बघून. आईनंतर जे उरेल ते वहिनीचे, तिच्या एकटीच्या नावावर. या रकमेतला एकही रुपया कोणत्याही कंपनीच्या शेअरमध्ये घालू नये. त्या कंपनीच्या तर नाहीच. अंमलबजावणी माझ्या कचेरीतल्या वरिष्ठ बाईंनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. त्यांना आमच्या घरचे कोणी ओळखत नाही, हीच त्यांची पात्रता.

आईला हे व्याज माझ्याकडून येते म्हणून घ्यावेसे वाटणार नाही. तिने रागाने घ्यावे. भाडे रागाच्या पैशानेही भरले जाते.

मी जगले तर हाच निर्णय कायम राहील. म्हणजे मी शेअर घेणार नाही, भाडे मी भरेन, आणि जेवायला बोलवा असे पुन्हा सुचवणार नाही.

शेअर पुन्हा वर चढू शकतो. चढला तर मी मूर्ख ठरेन. मी तेव्हा असेन तर दादाने माझ्या तोंडावर हसावे. नसेन तर फोटोसमोर येऊन हसू नये.

कलम ६. दादाला काय

दादाला मी काहीही देत नाही. विसरले नाही, म्हणून वेगळे कलम लिहिले आहे.

कारण असे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर पुढे तंटा होतो, असे वकीलबाईंनी बजावले. आणि मला दादाच साक्षीदार हवा आहे. आमच्या घरात मी जे बोलते ते नंतर दुसरेच काहीतरी झालेले असते. "ती असं म्हणालीच नव्हती," हे वाक्य मी पुष्कळ ऐकले. या वेळी ते म्हणणारा पहिला माणूस कोण असेल, हे मला माहीत आहे. म्हणून त्याने हा कागद वरपासून खालपर्यंत वाचावा आणि मी असे म्हणाले याला सही द्यावी. पटले पाहिजे अशी अट नाही. माझ्या वाट्यातला काही भाग मी त्याच्यासाठी ठेवला असता. त्याऐवजी त्याची ही सही घेते आहे.

तो आज माझ्या नावाने भरलेला शेअर घेण्याचा अर्ज सहीसाठी घेऊन येणार आहे. "ऑपरेशनच्या आधी उरकून टाकू, नंतर तुला त्रास नको," असे फोनवर म्हणाला. त्याच्या अर्जावर मी सही करणार नाही. माझा कागद त्याच्यापुढे ठेवीन. त्याने न वाचता नकार दिला तर त्याच्या जागी वकीलबाईंच्या कारकुनाची सही घ्यावी, आणि दादाने वाचले नाही, अशी नोंद करावी.

वरील सर्व मजकूर माझा आहे. खाडाखोड एका ठिकाणी आहे, कलम तीनमध्ये, आईच्या शेवटच्या वाक्यापाशी. तिथे आधी मी तिचे वाक्य जरा मऊ करून लिहिले होते.

स्थळ: शिंपीकाकांच्या दुकानावरची खोली
दिनांक: बुधवार, बारा नोव्हेंबर

मृत्युपत्र करणारी: (सही)

आमच्यासमोर सही केली:

साक्षीदार १. (सही) खालच्या दुकानाचे मालक, शिंपी. मी मजकूर वाचलेला नाही. बाईंनी सही माझ्यादेखत केली. हात स्थिर होता.

साक्षीदार २. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. कंपनीबद्दल तुझं चुकतंय, दोन वर्षं थांब, कळेल. बाकी जे लिहिलंयस ते तू म्हणाली होतीस. मोरीपाशी म्हणालीस तेही मला ऐकू आलं होतं. (सही) थोरला भाऊ.