क्लीथॉर्प्सचे विल्फ ऑस्गर्बी

क्लीथॉर्प्स,
४ मार्च १९५७

चि. रॉयस्टन यास आईचे अनेक आशीर्वाद.

तू लंडनहून पाठवलेला तुझ्या वडिलांच्या कबरीचा दगड काल पोचला. दगड देखणा आहे, पण त्यावर ‘ग्रिम्सबीचे विल्फ ऑस्गर्बी’ असं कोरलंय. मी तो बसवू दिला नाही. कबरीपाशी खुर्ची टाकून बसले. पाद्रीबाबा म्हणाले, दोन्ही गावं खेटूनच तर आहेत. मी म्हटलं, तुमची नि शेजारणीची भिंत एकच आहे, म्हणून तिला तुमची बायको म्हणू का?

तुझ्या वडिलांनी जन्मभर इथल्याच समुद्रकाठच्या वाळूवर पोरांना गाढवांवरून फिरवलं. ग्रिम्सबीशी संबंध काय तो शुक्रवारच्या मासळीपुरता. दगड बदलून पाठव.

खोकला कसा आहे? गळपट्टा विणून ठेवलाय. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

आई

लंडन,
९ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. ग्रिम्सबीचं मासळी बंदर जगाला ठाऊक आहे. क्लीथॉर्प्स म्हटलं की इथले लोक आधी हसतात, मग विचारतात, हे कुठलं दुखणं? मी तर नोकरीला लागल्यापासून स्वतःला ग्रिम्सबीचाच सांगतो. धरून बसावं असं त्या नावात आहे तरी काय?

हट्ट सोड, नाहीतर दगड बसवल्यावर कबरीपाशी व्हायच्या प्रार्थनेला मी येणार नाही. प्रकृतीस जप. राग माझ्यावर धर, जेवणावर नको.

तुझा,
रॉय

क्लीथॉर्प्स,
१८ मार्च

चि. रॉय यास आशीर्वाद.

नावात काय आहे, ते ऐक. क्ली म्हणजे चिकणमाती, थॉर्प म्हणजे वाडी. चिकणमातीवरच्या वाड्या होत्या, त्यांचं एक गाव झालं. तुझे वडील त्याच मातीत जन्मले, त्याच मातीत निजलेत. परक्या गावाचं नाव उशाला घेऊन ते निजायचे नाहीत.

दगड बसवला, पण उलटा. मागची कोरी बाजू पुढे घेऊन पाथरवटाकडून ‘क्लीथॉर्प्सचे’ असं ठसठशीत कोरून घेतलं. तुझं ग्रिम्सबी कुंपणाकडे तोंड करून उभं आहे.

प्रार्थना रविवारी. यायचं तर ये, नाहीतर गाढवं आहेतच. गळपट्टा टपालाने पाठवणार नाही.

आई

लंडन,
२१ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

शनिवारी येतोय. आजच तिकीट काढलं. खिडकीतल्या बाबूला गावाचं नाव ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तर मागे रांगेत कोणीतरी हसलं. बाबूने विचारलं, ग्रिम्सबीचं देऊ का? मी नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.

तुझा,
रॉय