पलीकडच्या पेठेसाठी तीन तांबे

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

मी, मल्लिकार्जुन शिवलिंगआप्पा शेटे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार माजलगाव, जिल्हा बीड, आज सकाळी आंघोळ, पूजा आणि दोन कप चहा झाल्यावर, डोके पूर्ण ठिकाणावर असताना, हे मृत्युपत्र दुकानात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी मल्लम्मा शेजारी तीळ निवडत बसली असून मधून मधून "आजून किती लिवता हो?" असे विचारते आहे, तो दबाव धरू नये. गुडघे सोडले तर प्रकृती उत्तम आहे आणि मरण्याची मला काही घाई नाही.

राजेश्वर वकिलांनी टाईप करून आणलेला कागद मी वाचला. वाचून हा माणूस कोण, असा मलाच प्रश्न पडला. म्हणून कायद्याची वाक्ये त्यांची ठेवली आहेत आणि बाकीचे माझे आहे. खरे सांगायचे तर घर-दुकानाची वाटणी तोंडी सांगितली असती तरी भागले असते. हा खटाटोप कलम सातसाठी आहे. ज्यांना मी डोळ्यांनी कधी पाहिले नाही अशा तीन माणसांना मला तीन पितळी तांबे द्यायचे आहेत, आणि वकील म्हणतात की असे देता येत नाही.

कलम १. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते मल्लम्मा हयात असेपर्यंत तिचे, नंतर चिरंजीव संगमेश याचे. स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी मल्लम्माने लावलेली आहे. घर नावावर झाले म्हणून संगमेशने तिला हात लावू नये.

कलम २. मोंढ्याजवळचे दुकान मालासह संगमेशचे. त्याने पुढच्या फळीवर प्लास्टिकच्या बादल्या लावल्या तेव्हा मी त्याच्याशी चार दिवस बोललो नव्हतो. बादल्या खपल्या, हे इथे लिहून मान्य करतो. मात्र पितळेची फळी दुकानातून हलवू नये.

कलम ३. बँकेत आणि पोस्टात जे काही असेल ते मल्लम्माचे. तिने ते नातवंडांच्या लाडात उडवले तरी कोणी ब्र काढू नये.

कलम ४. भांड्यांवर नाव टाकायचे विजेचे यंत्र सूनबाई सौ. वर्षाराणी हिला द्यावे. लग्नाचे पातेले असो की बारशाची वाटी, आमच्या दुकानातून भांडे निघताना मी विचारायचो, "काय नाव टाकू?" चाळीस वर्षांत माजलगाव तालुक्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत माझे अक्षर गेले आहे. वर्षाराणी लग्न होऊन आली तेव्हा तिने यंत्र मागितले होते आणि मी हसून म्हणालो होतो की बायकांचा हात थरथरतो. दुसऱ्या दिवशी मी उघडतो त्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर सुरेख अक्षरात "हात थरथरत नाही" असे कोरलेले होते. मी चुकलो होतो. यंत्र तिचेच आहे.

कलम ५. राधाकिशन, आमचा जुना मित्र, याने १९९४ साली मुलीच्या लग्नाला माझी मोठी डेग नेली आणि परत आणताना झाकण दुसरेच आणले. माझे झाकण त्याच्या माळ्यावर आहे, मी स्वतः पाहिले आहे. माझ्या पश्चात दोन्ही झाकणांची अदलाबदल करावी. भांडण करू नये. करावेच लागले तर थोडे करावे.

कलम ६. माझे दुसरे घर. याची नोंद कोणत्याही कचेरीत सापडणार नाही, म्हणून नीट लिहितो.

बसस्थानकाच्या रस्त्याला विजयमालाबाईंचे फोनचे बूथ होते. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिथे संगणक आणून इंटरनेट सुरू केले. दुपारी दोन ते चार माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसते. मी एकदा फोन करायला म्हणून गेलो तो बसलोच. परदेशातल्या कोण्या कंपनीने संगणकात एक शहर वसवलेले आहे. आत गेले की आपल्याला एक बाहुली मिळते. तिला नाव द्यायचे, चालवायचे, घर बांधायचे. आपण टंकलेले तिच्या डोक्यावर उमटते. त्या शहरातल्या एका गल्लीत मराठी मंडळी जमली, तिला आम्ही पलीकडची पेठ म्हणतो. पेठेचा नियम एकच: खरे नाव विचारायचे नाही.

मी तिथे 'गरुड' नावाचा पायलट झालो. मल्लम्मा म्हणायची, "कावून जाता हो त्या डबड्यापुढं? घरची मान्सं दिसंनात का?" कारण साधे होते. दुकानात लोक मला भाव विचारतात. पेठेत लोक मला विचारायचे, आज ढग कसे होते.

वर्षभर कोणी फिरकले नाही तर कंपनी घर पाडते. सबब हे दुसरे घरही मी मल्लम्माला देत आहे. परवलीचा शब्द देवघरातल्या फुलपात्राच्या बुडाला कोरलेला आहे. तिने मघाशीच विचारले, "तितं पानी भरावं लागत न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर कबूल झाली. बाहुलीचे नाव 'मैना' ठेवायचे तिचे ठरले आहे.

कलम ७. आता तांब्यांचे. पेठेत माझे तीन जवळचे.

एक 'कॅप्टन'. जहाजावर असतो म्हणायचा. पण पेठेतल्या पारावर गर्दी झाली की लिहायचा, "पुढं सरका, मधे उभं राहू नका." आणि निघताना दरवेळी "टिंग टिंग". जहाजाला अशी घंटा मी ऐकली नव्हती.

दुसरी 'मोरपंख'. मुंबईत सिनेमात काम करते म्हणायची. कोणी उदास दिसले की तिचा पहिला प्रश्न, "पोट साफ होतंय का?"

तिसरा 'सरदार', माझा शेजारी. त्याने आमच्या बांधावर, म्हणजे पेठेतल्या बांधावर, एक वड लावला आणि माझी खिडकी झाकली. त्यावरून आम्ही दोन वर्षे भांडलो. मी त्या झाडाला दोनदा कुऱ्हाड लावली, पण कंपनीचे झाड तुटत नाही. कोणी काही सांगू लागले की हा विचारायचा, "भरून किती, रिकामं किती?" दिवाळी जवळ आली की गायब, गुढीपाडव्यानंतर हजर. भांडायला तो नसला की मला हिवाळा कंटाळवाणा जायचा.

या तिघांसाठी मी जाड पितळेचे तीन तांबे निवडून ठेवले. वकील म्हणाले, "आप्पा, नाव ना पत्ता. टोपणनावाला मिळकत देता येत नाही. कोर्टात हसतील." मला कोर्टाच्या हसण्याचे काही नव्हते. भीती वेगळी होती. नावे विचारायची तर पेठेचा नियम मोडायचा आणि स्वतःचे सोंगही उतरवायचे. मग हे लोक माझ्याशी बोलतील का? त्या भीतीने मी पंधरा दिवस विजयमालाबाईंच्या केंद्राकडे फिरकलो नाही.

शेवटी गेल्या पोळ्यानंतरच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, पारावर उभा राहून लिहिले: "मी गरुड नाही. विमानात एकदाही बसलेलो नाही. मी मल्लिकार्जुन शेटे, लोक आप्पा म्हणतात, माजलगावात भांडी विकतो. माझ्या मृत्युपत्रात तुमची नावे लिहायची आहेत."

विजयमालाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मग कॅप्टनचे उत्तर आले, "आप्पा, आमाला पहिल्या वर्षीच कळलं हुतं. मी घर बांधलं तवा तुमी इचारलं, पत्रा किती जाडीचा हाय. पायलट कधी पत्र्याची जाडी इचारतो का?" आणि पाठोपाठ, "मी हनुमान. गेवराई डेपो, कंडक्टर." मोरपंखने लिहिले, "मी विमलबाई. अंबाजोगाईला नर्स आहे. आज दुपारपाळी आहे, उशीर झाला तरी चालेल." मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने हसलो. विमलबाईंनी लगेच विचारले की गोळ्या वेळेवर घेता का.

म्हणून वकिलांच्या समाधानासाठी स्पष्ट लिहितो. पहिला तांब्या हनुमान, कंडक्टर, यांना. दुसरा विमलबाई, नर्स, यांना. पूर्ण नावे आणि पत्ते सोबतच्या चिठ्ठीत आहेत.

कलम ८. त्या दुपारी सरदारने मात्र एवढेच लिहिले, "नाव कशाला पायजे? हितं तरी मला नुसतं सरदार ऱ्हाऊ द्या की." आणि तो गेला. तेव्हापासून चार महिने त्याच्या घराला कुलूप आहे. मला वाईट वाटते. नियम मी मोडला, दोष माझा. तिसरा तांब्या नाव न टाकता पितळेच्या फळीवर ठेवावा. सरदार नावाचा कोणी कधी आला तर त्याला द्यावा. हे कलम टिकणार नाही असे वकिलांनी बजावले आहे. ते लिहून ठेवत आहे.

कलम ८ रद्द. कारण असे:

वरील शाई वाळते न वाळते तोच दुकानात एक गिऱ्हाईक आले. पन्नाशीचा माणूस, अंगातल्या स्वेटरवर उसाच्या चिपाडाचा भुसा. त्याने एक पातेले उचलले, उलटे केले, बोटाने वाजवले.

"याचा तळ लई पातळ हाय," तो म्हणाला.

"पातळ कावून आसंल? तोलून बघा की," मी म्हणालो.

"भरून किती, रिकामं किती?"

माझ्या हातातून पेन पडले.

त्याने सांगितले ते असे. तो एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. "दिसभर माझ्या नावानं वरडा आसतो. गाडीवान म्हनतो कमी भरलं, हापीस म्हनतं जास्त भरलं. कुनी नाव घेतलं की समजायचं, भांडन आलं. पेठंत सरदार म्हनून हाक आली की लई बरं वाटायचं. तुमी नाव इचारलं अन् मला वाटलं, हितंबी काटा आला."

"मग आज कसं येनं केलं?"

"सुट्टीच्या दिशी पेठंत गेलतो. तुमच्या दारावर चिठ्ठी हुती, शनिवारी मृत्युपत्रावर सही हाय, साक्षीदार पायजेत. हंगामात रजा देत न्हाईत. भांडून आलोय."

चिठ्ठी वर्षाराणीने, फुलपात्राचे बूड वाचून, लावली होती. मला कोणी सांगितले नव्हते. ती कपाटाआड उभी राहून हसत होती.

सहीसाठी येऊन बसलेल्या राजेश्वर वकिलांनी चष्मा सावरला. म्हणाले, साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळालेले बरे नाही, उद्या कोणी शंका काढेल. तांब्या किंवा सही, दोन्हीपैकी एक. सरदारने फळीवरचा तांब्या हातात घेतला, फिरवून पाहिला, परत जागेवर ठेवला आणि म्हणाला, "सही करतो. नाव कुटं लिवायचं?"

माझे डोळे भरून आले. मल्लम्माने पदर डोळ्यांना लावला आणि वर म्हणाली, तिळाचा कचरा गेला.

पण मीही चाळीस वर्षे दुकान चालवले आहे. मेल्यावर देता येत नसेल तर जिवंतपणी देण्याला वकिलांची हरकत नव्हती. तिसरा तांब्या आज माझ्या हाताने, माझ्या हयातीत, दिला आहे. त्याचा या मृत्युपत्राशी संबंध नाही. वर्षाराणीने यंत्र लावले. मी विचारले, "काय नाव टाकू?" तो म्हणाला, "दोनी टाका. पन खरं आदी." तिने दोन्ही टाकली. मल्लम्माने तांब्या धुऊन पाणी भरून दिले, वर तिळाचा लाडू दिला. त्याने उभ्यानेच निम्मा तांब्या रिकामा केला.

मग तो म्हणाला, "त्ये झाड काडू का आता?"

मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या. सावली पडती."

कलम ९. सबब पलीकडच्या पेठेतल्या बांधावरचा वड मल्लम्माने किंवा तिच्या पश्चात कोणीही काढू नये.

कलम १०. या कागदाची अंमलबजावणी वर्षाराणीने करावी. मी गेल्यावर आमच्या रिवाजाप्रमाणे जे करायचे ते घरच्यांना माहीत आहे. त्यानंतर तिने विजयमालाबाईंच्या केंद्रात जाऊन दुपारी तीन वाजता पेठेच्या पारावर सांगावे की आप्पा गेले. गरुड गेला म्हणू नये. कॅप्टन "टिंग टिंग" लिहील, त्याला लिहू द्यावे.

कागद मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, मल्लम्माने झोपेत नसताना ऐकला. खाडाखोड कलम आठमध्ये आहे, ती माझी आहे आणि आनंदाने केलेली आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: माजलगाव, भांड्यांच्या दुकानात
दिनांक: शनिवार, १७ जानेवारी २००४

(सही) मल्लिकार्जुन शिवलिंगआप्पा शेटे

साक्षीदार १
(सही) विजयमाला दत्तात्रय नाईकनवरे
राहणार माजलगाव. धंदा: इंटरनेट केंद्र.
लिहून देणाराशी ओळख: नेहमीचे गिऱ्हाईक.

साक्षीदार २
(सही) आश्रुबा म्हाळू खेडकर
राहणार चकलांबा, तालुका गेवराई. धंदा: वजनकाटा कारकून.
लिहून देणाराशी ओळख: शेजारी.