सेकंडहँड पिस्तूल आणि अलकाच्या पाटल्या

२६ ऑक्टोबर, रविवार
काल मंडळाच्या दिवाळीला गेलो आणि इकडे मिल्टन कीन्समधलं आमचं घर फुटलं. बायकोच्या, म्हणजे अलकाच्या, पाटल्या गेल्या. तिच्या आईच्या होत्या. रोज हातात असायच्या. कालच काढून ठेवल्या, कारण मीच म्हटलं होतं, कार पार्कमध्ये खरं सोनं नको, खोट्या घाल, घर सेफ आहे. सल्ला तत्त्वतः बरोबरच होता.
अलका काही बोलत नाही. घाबरली असणार.

२८ ऑक्टोबर
अलका केंब्रिजला वरदाकडे गेली. चार दिवस लेकीकडे राहते, म्हणाली. या चार दिवसांत घर असं करून ठेवतो की ती निर्धास्त परत येईल.
निर्णय: पिस्तूल घेणे. परवडणारं, म्हणजे सेकंडहँड. आयुष्यात सगळं सेकंडहँड घेतलं आणि डिशवॉशर सोडला तर कधी फसलो नाही. शिवाय नेमबाजीचा छंद लागेल. व्यायाम होतो का, बघणे.

३० ऑक्टोबर
एक्सेल शीट तयार. नऊ मॉडेल्स, अकरा कॉलम. यूट्यूबवर टेक्ससचे एक काका फार छान समजावतात. जुनं पिस्तूल घेताना नळीत टॉर्च मारून झीज बघायची. अलकाला फोनवर झीज समजावली. ती म्हणाली, जेवलात का. एकूण कल अनुकूल वाटला.

३ नोव्हेंबर, सोमवार
या देशात पिस्तूल घेता येत नाही. सत्त्याण्णवपासून बंदी. मी अठ्ठ्याण्णवला आलो, त्यामुळे मला कोणी सांगितलं नाही. स्वसंरक्षण हे कारण तर पोलीस ऐकूनही घेत नाहीत. काकांनी हे सांगायला हवं होतं.
वरदाला माहीत होतं. म्हणाली, बाबा, तू आईशी बोल ना. मग बोललो. पंचवीस मिनिटं तिला कायदा समजावला.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
मार्ग सापडला. एअर पिस्तूल! लायसन्स लागत नाही. शूटिंग क्लबातला कीथ स्वतःचं जुनं विकतोय. सत्तरीचा माणूस, कार्डिगन, शांत. नळीत टॉर्च मारला. त्याला कौतुक वाटलं असावं.
कशाला हवंय, त्याने विचारलं. म्हटलं, टार्गेटसाठी, आणि थोडं घरासाठी. त्याने पिस्तूल परत डब्यात ठेवलं. घरासाठी असेल तर विकणार नाही. चोरावर हे रोखलंस तर पोलीस तुलाच नेतील, म्हणाला. मग काय चोरीला गेलं ते विचारलं आणि बायको कशी आहे तेही. मी म्हटलं, मजेत, लेकीकडे आहे. त्याने चहा केला. इंग्रज माणूस विषय बदलण्यात पटाईत.
शेवटी फक्त टार्गेटच्या बोलीवर दिलं.

१५ नोव्हेंबर
पहिली प्रॅक्टिस. दहा शॉट. सात कुठे गेले कळलं नाही. दोन माझ्या कार्डावर. एक शेजारच्या बाईंच्या कार्डावर, तो मात्र बरोबर मधोमध.
अलकाचे चार दिवस, आज एकोणिसावा. केंब्रिजची हवा मानवली असेल. घरात दिवसाही दिवे चालू ठेवतो. मला गरज नाही, पण चोराला कळायला हवं आत माणूस आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पोलिसांचा फोन! कुठल्याशा गॅरेजमध्ये सोनं सापडलंय, बऱ्याच घरांचं. उद्या ओळखायला बोलावलंय. अलकाला सांगितलं नाही. पाटल्या घेऊन थेट केंब्रिजला जायचं आणि येताना दोघांनी यायचं. गाडी धुऊन आणली.

२८ नोव्हेंबर
ऑफिसर बाईंनी आधी वर्णन विचारलं. मी म्हटलं, सोन्याच्या. गोल. त्या लिहायचं थांबल्या.
मग पिशव्या मांडल्या. नऊ जोड्या. मी पाचवी उचलली. नक्की का, विचारलं. म्हटलं, शंभर टक्के. तरी त्यांनी मिसेसना सगळे फोटो पाठवायला लावले.
अलकाचा लगेच फोन आला. पाचव्या आपल्या नाहीत. आपल्या दोन नंबरच्या. त्या मी सगळ्यांत आधी बाजूला सारल्या होत्या. एकीला आतून सांधा आहे, बघा, म्हणाली. वरदाच्या वेळी हात सुजला, हॉस्पिटलात पाटली कापावी लागली, मग लेस्टरच्या सोनाराकडून जोडून आणली.
"कापताना माझा हात तुम्ही धरला होतात," ती म्हणाली.
पिशवी उलटी केली. सांधा आहे.
मी म्हटलं, तू घाबरली होतीस, म्हणून मी हे सगळं पिस्तुलाचं.
"मी घाबरले नव्हते हो. मला रडायचं होतं. तुम्ही टेप घेऊन दार मोजत होतात."
तेव्हाच सॉरी म्हणायला हवं होतं. ऑफिसर बाई समोर होत्या. मी म्हटलं, अच्छा.
तपास संपला की पाटल्या पाठवतील. फॉर्मवर पत्ता हवा होता. बाईंनी फोन स्पीकरवर घ्यायला लावून अलकालाच विचारलं. तिने केंब्रिजचा सांगितला, पोस्टकोडसकट. मी लिहिला आणि खाली सही केली.